हाटवेशीच्या हमीदाआपा

हमीदाआपा कुणाच्याही घरी बसल्याचं मला आठवत नाही. कडी वाजायची, दार उघडायच्या आत त्यांचा आवाज घरात शिरायचा, आणि घरातलं माणूस "या, बसा" म्हणेपर्यंत आपा पुढच्या दारात. आमच्या वसमतच्या हाटवेस मोहल्ल्यात घरं एकमेकांना इतकी चिकटलेली आहेत की एका घरात मिरचीची फोडणी दिली तर तिसऱ्या घरात शिंका येतात. त्या घरांमधून आपांची फेरी दिवसातून दोनदा व्हायची. चहा दिला तर उभ्यानं, तोही अर्धा. आधी बायका रागवायच्या, मग अर्धाच कप ओतायला लागल्या.

त्या गेल्या त्याला आता दोन वर्षं होत आली. नांदेडला मुलाकडे गेल्या आणि तिथंच, झोपेत गेल्या. ज्या बाईचा दिवसा कधी डोळा लागलेला कुणी पाहिला नाही ती झोपेत जाते, हे मला अजून पटत नाही. निदान जाताना तरी त्यांनी यमाला दोन अर्ज द्यायला हवे होते.

अर्ज आठवायचं कारण म्हणजे परवा दुकान आवरताना एक फुगलेली फाइल हाताला लागली. आत सगळे आपांचे अर्ज. नाली तुंबली, खांबावरचा दिवा गेला, नळाला गढूळ पाणी येतं, वेशीवर पिंपळ उगवला. विषय काहीही असो, प्रत्येक अर्जात 'तातडीने' हा शब्द दोनदा. मी एकदाच टाकला तर म्हणायच्या, "अजून एक टाक. एकदा लिहिलेलं सायबाला दिसत न्हाई." वेशीसमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, त्यामुळे हे सगळं माझ्याच बोटांखालून गेलं. अर्ज टाइप होईपर्यंतसुद्धा त्यांना दम नसायचा. मी 'मा. मुख्याधिकारी साहेब' इथवर पोचायचो, तोवर त्या बाहेर जाऊन दोन माणसांशी भांडून परत आलेल्या असायच्या. मी तापट आहे असं माझी बायको म्हणते. आपांसमोर मला तापायलाही कधी वेळ मिळाला नाही.

नोकरीभर त्या नर्सबाई होत्या. आसपासच्या गावांत, तांड्यांवर पायी फिरून त्यांनी लेकरांना सुया टोचल्या, पोलिओचे थेंब पाजले. त्या कामाची एक रीत असते. घरातल्या सगळ्या लेकरांना डोस मिळाला की दारावर खडूनं बरोबरची खूण करायची. एखादं राहिलं, कुणी लपवलं, की फुली. फुलीच्या घरी पुन्हा जायचं, आणि फुलीची खूण होईपर्यंत जात राहायचं. नोकरी संपली, पेन्शन सुरू झाली, पण काळ्या पर्समधला खडू काही गेला नाही. तत्त्वज्ञानही नोकरीतलंच राहिलं. "सुई टोचायची तर पटकन टोचावी, बालाजी. हळूहळू टोचली की जास्त दुखती." लग्न जुळवणं असो, नाली उपसणं असो की जावाजावांचं भांडण, आपांचा सगळा कारभार ह्या एका वाक्यावर चालायचा. पुढं ह्याच वाक्यानं घात केला, ते येईलच.

हाटवेस म्हणजे मोहल्ल्याच्या तोंडावरची जुनी वेस. खाली काळा दगड, वर वीट आणि चुना, मध्ये कमान, कमानीच्या आत दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांच्या देवड्या. एका देवडीत कुलपं दुरुस्त करणारा बसतो, दुसरीत शेळ्या. कमान चांगली दहा पावलं खोल आहे; उन्हाळ्यात सायकलवाले मुद्दाम तिथं उतरून घाम पुसतात. कुणी बांधली ते ठाऊक नाही. निजामाच्या आधीची म्हणणारे आहेत, निजामाची म्हणणारेही आहेत, आणि दोघांकडेही पुरावा नसल्यामुळे वाद सुखानं चालला आहे. माझं म्हणाल तर मला त्या वेशीचं काही सोयरसुतक नव्हतं. दुपारी तिची सावली दुकानावर पडते, कूलर लागत नाही, एवढंच नातं.

वेशीच्या आत मुंजाजीरावांचं हळदीचं गोदाम. टेम्पो कमानीतून जात नाही, पोती बाहेर उतरवून हातगाड्यावरून आत न्यावी लागतात. ही जुनाट वेस काढून रस्ता रुंद करावा, असा अर्ज मुंजाजीरावांनी माझ्याकडूनच टाइप करून घेतला. वर मला म्हणाले, "बालाजी, हे आपल्यातच ठिव." मी ठेवलंच होतं. पण त्याच वेळी आपा आल्या, प्रिंटरमधून निघालेला कागद त्यांनी उचलला आणि उभ्या उभ्या वाचून टाकला.

आता फटाके फुटणार म्हणून मी खुर्ची मागं सरकवली. मुंजाजीराव मोबाइलमध्ये बघायला लागले. आपांनी कागद परत प्रिंटरवर ठेवला. मग म्हणाल्या, "तीस वर्सं खेड्यापाड्यात फिरले मी. कुठं बी गेले की बाया पुसायच्या, बाई, तुमी कुठल्या? मी म्हणायची, वसमतची, हाटवेशीची. वेस गेली तर मी कुठली सांगू रे मुंजाजी? तुझ्या टेम्पोच्या रस्त्याची?" त्यांचा आवाज कापला. मुंजाजीराव कागद घेऊन गेले आणि त्यांनी तो दिलाही. पालिकेच्या साहेबांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि सरळ सांगितलं, वेस खिळखिळी झाली आहे. मोहल्ल्यानं नीट केली, राखली, तर राहील. नाहीतर कुणाच्या डोक्यात पडायच्या आधी उतरवावी लागेल.

बस्स, आपांना एवढंच हवं होतं. घरटी एक माणूस, बाजारच्या दुसऱ्या दिवशी, सकाळचे दोन तास. आमच्या पोरांनी लगेच व्हॉट्सॲपवर गट काढला, सगळ्यांनी त्यावर अंगठे टाकले. आपांना दाखवलं तर म्हणाल्या, "अंगठे दाखवून वेस उभी राहती का रे?" पहिल्या आठवड्यात अंगठे साठ आणि माणसं सात. त्या संध्याकाळी आपा खडू घेऊन निघाल्या. ज्या घरचं माणूस आलं त्या चौकटीवर खूण, ज्या घरचं आलं नाही तिथं फुली. दुसऱ्या दिवशी दारापुढं रांगोळी घालणाऱ्या बायकांनी एकमेकींच्या चौकटी पाहिल्या आणि पुरुषांचं काही खरं राहिलं नाही. पुढच्या आठवड्यात माणसं चाळीस.

मुंजाजीरावांच्या दाराला नुकतंच पॉलिश झालेलं. त्यावर फुली. त्यांनी पुसली. आपांनी दुसरी काढली, पहिलीच्या दुप्पट. मग ते तणतणत माझ्या दुकानात आले. "लिही. आमच्या खाजगी मालमत्तेवर हमीदाबी नावाच्या बाईनं..." मी टाइप करत होतो तेवढ्यात ती बाई स्वतःच आली. मला घाम फुटला. आपांनी स्क्रीनवर वाकून सगळं वाचलं. "बराबर लिहिलंय," त्या म्हणाल्या, "पण फुली केवढी होती ते टाकलं न्हाई. एक हात लांब, म्हण. आणि तातडीनं टाक दोनदा." मुंजाजीराव आधी लाल झाले आणि मग हसू आवरेना म्हणून बाहेर गेले. पुढच्या आठवड्यात त्यांनी गोदामातला हमाल पाठवला. आपांनी परत पाठवला. "घरचा माणूस पायजे. डोस काय हमालाला पाजते का मी?" तेव्हा मुंजाजीराव स्वतः आले. पांढऱ्या सदऱ्यात, नाक मुठीत धरून. त्यांनी घमेलं उचललं, वेशीवरच्या पिंपळाची मुळं काढताना त्यांच्या हाताला खरचटलं, आणि काय झालं कुणास ठाऊक, पुढं एकही आठवडा चुकवला नाही. माणसाला स्वतःचं रक्त लागलेल्या गोष्टीचा लळा लागतो, असं मला वाटतं.

कामावर लक्ष ठेवायला आपांनी जवळा बाजार ह्या गावाहून लतीफ मिस्त्रींना आणलं होतं. म्हातारा माणूस, चुन्याचं काम जाणणारा त्या भागातला बहुधा शेवटचा. त्यांनी वेशीशेजारी खड्डा करून कळीचा चुना भिजत घातला आणि सांगितलं, हा आता निवांत मुरू द्या. किती? महिना, दीड महिना. मग दगडी चाकाच्या घाणीत मळायचा, त्यात विटांची भुकटी, गूळ, बेलफळाचा गर. मग थर द्यायचा, तो सुकू द्यायचा, मग दुसरा थर.

आपा रोज सकाळी त्या खड्ड्याकाठी उभ्या. "झाला का मुरून?"

"न्हाई आपा."

संध्याकाळी पुन्हा. "आता?"

"आपा, हे काय लेकरू हाय का, धा महिन्यात चालायला? चुन्याला त्याचा येळ लागतो."

बारा दिवस झाले, पंधरा झाले. माणसं दर आठवड्याला जमायची आणि काम नाही म्हणून गप्पा मारून जायची. चाळिसाची तीस झाली, तिसाची वीस. आपांची चप्पल आमच्या गल्लीत फटाफटा वाजत राहिली; कधी नव्हे त्या रात्रीच्या जेवणालाही उभ्या राहायच्या म्हणे. त्यांना भीती एकच. माणसं पांगली की पुन्हा जमणार नाहीत, आणि पावसाळा तोंडावर आलेला. अशात मुंजाजीराव नव्या भक्ताच्या उत्साहानं म्हणाले, गोदामाचं काम झालं तेव्हाचं सिमेंट उरलंय, घेऊन टाका, वेशीला माझ्याकडून. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथं तर दोन नवरे जमले होते. आपांनी क्षणभर खड्ड्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "सुई टोचायची तर पटकन."

चार दिवसांत वेस गुळगुळीत. वर गेरूचा रंग. लतीफ मिस्त्रींनी काही भांडण केलं नाही. त्यांनी आपली थापी धुतली, फडक्यात गुंडाळली आणि माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून पाणी प्याले. आपा समोर होत्या. ते म्हणाले, "आपा, जुन्या भिंतीला दम घ्यायला लागतो. तुमी तिचं तोंड बांधलं." आणि जवळा बाजारच्या गाडीला निघून गेले. आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याचा मान दुखावला. आम्ही वेशीपुढं फोटो काढला. मी फुकटात बॅनर छापून दिला, त्यावर सगळ्यांची नावं आणि मुंजाजीरावांचं जरा मोठं. त्या फोटोत आपा हललेल्या आहेत. त्यांचा एकही फोटो स्थिर नाही.

त्याच पावसाळ्यात वेशीला पोट सुटलं. वरून फटींतून पाणी आत गेलं, सिमेंटनं त्याला बाहेर येऊ दिलं नाही, आणि आतला सगळा चुना भिजून फुगला. आधी रंगाचे पापुद्रे, मग बोट जाईल एवढी चीर. एका सकाळी कमानीतला दगड सुटला. त्याच्या खाली रोज काशीबाई भाजी घेऊन बसते. ती तेवढ्यात माझ्याकडं दोनशेची मोड मागायला उठली होती. दगड तिच्या वांग्यांच्या टोपलीवर पडला. ती मोड हातात धरून टोपलीकडं बघत राहिली आणि मग माझ्या दुकानात मटकन खाली बसली. मी तिला पाणी दिलं.

नोटीस आली. उन्हाळ्याच्या आत वेस सुरक्षित करा, इंजिनिअर तपासणी करील. नाही झाली तर उतरवली जाईल. बरोबरच होतं त्यांचं. आता भांडायला तोंड कुठं होतं?

त्या संध्याकाळी मोहल्ला वेशीपुढं जमला आणि जो तो हात झटकायला लागला. कुणी म्हणालं सिमेंट जुनं होतं, मुंजाजीरावांनी मुद्दामच दिलं. मुंजाजीराव म्हणाले, उपकार करावा तर हे फळ. कुणी म्हणालं लतीफ मिस्त्रीनं अर्ध्यात सोडलं. आवाज चढले. मोहल्ल्यात हिंदूंची घरं किती, मुसलमानांची किती, हे कधी कुणी मोजत नाही, पण त्या दिवशी 'तुमच्या माणसानं' आणि 'आमच्या माणसानं' असे शब्द मी ऐकले. वेस पडायच्या आधी आम्हीच पडणार, असं वाटलं.

"गप बसा," आपा म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. "मुंजाजीची चूक न्हाई. मिस्त्रीची तर न्हाईच न्हाई. त्यानं सांगितलं व्हतं, मी आयकलं न्हाई. मला दम न्हाई, तुमाला ठाव हाय. काशीला काई झालं असतं तर माझ्या हातानं झालं असतं." त्यांनी पर्समधून खडू काढला, वेशीला लागूनच असलेल्या स्वतःच्या घराच्या चौकटीवर फुली काढली आणि आत गेल्या. दार लोटल्याचा आवाज आला.  

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या गाडीनं आम्ही जवळा बाजारला गेलो. मला का नेलं? "तुला मधी बोलता येतं. मला म्हाताऱ्यासमोर रडू आलं तर काय करू?" गाडीत त्या तीनदा जागा बदलून बसल्या. लतीफ मिस्त्री अंगणात तुरीच्या काड्यांची मोळी बांधत होते. त्यांनी आपांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि मोळी पुरी बांधूनच उठले. आपा म्हणाल्या, "मिस्त्री, चुकलं माझं. चला." एवढंच. मला मधी बोलायची वेळच आली नाही. मिस्त्री म्हणाले, "येतो. पर माझ्या चालीनं. तुमी खड्ड्याकडं यायचं न्हाई, झालं का म्हणून इचारायचं न्हाई." आपांनी मान हलवली.

मिस्त्रींनी वेस दोन दिवस नुसती पाहिली. हातानं थापटली, कान लावला. मग म्हणाले, एक, हे सगळं सिमेंट छिन्नी-हातोडीनं, हातानं काढायचं, मशीन लावायचं नाही. दोन, हिवाळाभर भिंत सुकू द्यायची. आणि तिसरं सांगताना ते आपांकडं न बघता माझ्याकडं बघत होते. आपांच्या घराची माडी वेशीला टेकून होती. त्यांच्या सासऱ्यांनी कधीकाळी बांधताना तिची लाकडं सरळ वेशीच्या भिंतीत घातली होती. भिंत धड होती तोवर चाललं. आता माडीचा भार तिला बाहेर ढकलत होता.

"ही माडी उतरवावी लागंल," मिस्त्री म्हणाले. "न्हाई तर चुना लावून काई फायदा न्हाई."

आपांचं घर म्हणजे खाली एक अंधारी खोली आणि स्वयंपाकघर. वारा यायचा तो माडीवर. त्यांचे यजमान शेवटचं वर्षभर तिथंच अंथरुणावर होते, त्यांच्या खाटेवरून खिडकीतून बाजार दिसायचा. ईदला मुलगा अस्लम कुटुंबासह यायचा तो तिथंच उतरायचा. त्यानं फोनवर आकांत केला. स्पीकर चालू होता, मी दारात उभा होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"अम्मी, दुसरों की दीवार के वास्ते अपना घर तोडती क्या?"

"दीवार दुसरों की कैसी? अपनी माडी की लकडी उसके पेट में है ना. हमीच धकेल रहे उसको."

"फिर हम आएंगे तो रहेंगे कहाँ?"

 आपांनी फोन बंद केला आणि पदरानं स्क्रीन पुसली, बराच वेळ. त्यांचा आवाज कापलेला मी दुसऱ्यांदा ऐकला तो तेव्हा. "बालाजी, मजूर बोलाव. उद्याच." मी म्हणालो, आपा, चार दिवस विचार करा. "इचार केला तर न्हाई व्हायचं माझ्याच्यानं." माडी दोन दिवसांत उतरली. मुंजाजीरावांनी लाकडं मोजून, पुसून आपल्या गोदामात नीट रचून ठेवली, हळदीची पोती बाहेर काढून. अजून आहेत.

मग सुरू झाला तो हिवाळा. सिमेंट काढायला दोन महिने लागले. चार दिवसांत लावलेलं! मोहल्ल्यातली बहुतेक माणसं बोटं सोलवटून घरी जायची. बायकांनी बेलफळं फोडून गर काढला, कुणाकुणाच्या चुलीवर गूळ विरघळला. चुना खड्ड्यात मुरत होता आणि आपांना खड्ड्याकडं जायची बंदी. काय हाल झाले त्या बाईचे! वेशीपासून माझ्या दुकानापर्यंत यायच्या, मान लांब करून खड्ड्याकडं बघायच्या, मिस्त्रींनी पाहिलं की झेरॉक्स काढायला आल्यासारखं करायच्या. त्या हिवाळ्यात आपांनी आपल्या आधारकार्डाच्या इतक्या प्रती काढल्या की आणखी एक मोहल्ला वसवता आला असता. "मी इचारत न्हाई," त्या मला म्हणायच्या, "तू इचार." मी विचारायचो. मिस्त्री आपांकडं बघून मला उत्तर द्यायचे, "अजून न्हाई."

थर बसायला लागले तेव्हा मिस्त्रींना बहुधा दया आली. त्यांनी आपांना भिंतीवर पाणी मारायचं काम दिलं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, सावकाश, वरून खाली. आपा पहिल्या दिवशी बादली भिरकावूनच मोकळ्या झाल्या आणि शिव्या खाल्ल्या. मग शिकल्या. गवताच्या कुंच्यानं त्या भिंत ओली करायच्या, आणि मग ओल्या चुन्यावर पालथा हात ठेवून उभ्या राहायच्या, तापातल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. हात उचलायची घाई दिसायची नाही. मी त्यांना हाक मारायचो नाही तेव्हा.

इंजिनिअर आला, त्यानं सगळीकडं ठोकून पाहिलं, नोटीस मागं घेतल्याचा कागद आला, हे सगळं पुढं रीतसर झालं. कागद त्याच फाइलीत आहे. पण माझ्या लेखी वेशीचा निकाल त्याच्या चार दिवस आधी, एका दुपारी लागला.

हळदीचे दिवस होते. शिजवलेली हळद वेशीबाहेरच्या पटांगणात, गच्च्यांवर, जिथं जागा मिळेल तिथं वाळत पसरलेली. तीनच्या सुमारास आभाळ एकाएकी काळं झालं आणि अवकाळी कोसळला. वारा, गारा, पाणी. सगळा मोहल्ला ताडपत्र्या घेऊन धावला. मी शटर अर्धं ओढलं आणि मुंजाजीरावांच्या ताडपत्रीचं एक टोक धरायला पळालो. हातात पाणी, डोळ्यांत पाणी, पायाखाली पिवळा चिखल. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "आपा कुठंयत?"

आपा वेशीत होत्या. कमानीच्या बरोबर मधोमध, दोन्ही हात पसरून, तळवे वर. मान उंच. जिथून मागच्या वर्षी दगड सुटला होता नेमक्या त्या जागेखाली. वेशीच्या माथ्यावर गारांचा ताशा वाजत होता.

मी पळत कमानीच्या तोंडापर्यंत गेलो. "आपा, बाहेर या! नवा चुना हाय, काई भरोसा न्हाई!"

त्यांनी मान खाली केली नाही. "मागल्या येळेला इथं काशी व्हती," त्या म्हणाल्या. "आता मी हाय. पडंल तर माझ्यावर पडंल. तू जाय, हळद झाक."

मी आत गेलो नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण नाही गेलो. माझ्या दुकानाच्या पत्र्याखाली जाऊन उभा राहिलो आणि बघत राहिलो. पाऊस तासभर असेल, मला विचाराल तर महिनाभर होता. हळूहळू ताडपत्र्या सोडून एकेक माणूस माझ्याजवळ येऊन उभं राहिलं. मुंजाजीराव आले, त्यांची निम्मी हळद उघडीच होती. काशीबाई आली, ती तोंडातल्या तोंडात काही म्हणत होती. लतीफ मिस्त्री आले आणि मान खाली घालून, डोळे मिटून उभे राहिले.  आयुष्यभर दोन क्षण एका जागी न थांबलेली ती बाई त्या कमानीखाली तासभर जागची हलली नाही.

त्या दुपारनंतर मी आपांना पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडायच्या आत अस्लम त्यांना आठ दिवसांसाठी म्हणून नांदेडला घेऊन गेला.

त्या दुपारी पाऊस थांबला. पन्हळींचा आवाज संपला. आपांनी पसरलेले हात एकदा उलटसुलट करून पाहिले, एकमेकांवर चोळले आणि त्या आमच्याकडं चालत आल्या. आम्ही सगळे नखशिखांत भिजलो होतो. त्यांच्या साडीवर पाण्याचा एक थेंब नव्हता.